मुलाचं नाक, कान, घसा आणि श्वास: "सर्दीच तर आहे" म्हणण्याआधी एवढं समजून घ्या

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करते, आणि मुंबईत माझ्याकडे मुलांना घेऊन येणारे आईबाबा टेस्टच्या खोलीबाहेर नंबर लागेपर्यंत जे जे विचारतात ते सगळं एकदा सोप्या भाषेत लिहायचं होतं. मुलाला आणलेलं असतं कानासाठी, पण बोलता बोलता गाडी नाकावर जाते, मग रात्रीच्या घोरण्यावर, मग "हा तोंड उघडं ठेवूनच झोपतो हो मॅडम" इथे येते, आणि खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी असते. कारण लहान मुलाचं नाक, कान आणि घसा ही बाहेरून तीन वेगळी दुकानं दिसली तरी मागून सगळ्यांचं दार एकाच ठिकाणी उघडतं.

ते ठिकाण म्हणजे नाकाच्या मागचा भाग, टाळूच्या वर, जो तोंड उघडून बघितलं तरी दिसत नाही. तिथे अॅडिनॉइड नावाची गाठ असते, टॉन्सिलचीच बहीण म्हणा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कानाकडे जाणाऱ्या नळ्यांची तोंडं असतात. या नळीला युस्टेशियन ट्यूब म्हणतात, तिचं काम कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत हवा खेळती ठेवणं आणि तिथे साचलेलं पाणी घशाकडे सोडणं. मोठ्या माणसात ही नळी साधारण ३५ मिलिमीटर लांब आणि चांगली तिरकी असते, तान्ह्या बाळात तिच्या निम्मीच आणि जवळजवळ आडवी. मोरीच्या पाइपला उतार नसला की पाणी तुंबतं, तसंच इथे होतं. म्हणून मोठ्या माणसाची सर्दी नाकातच संपते आणि तीन वर्षांच्या मुलाची कानात जाते. हे वयच तसं असतं, तुम्ही फ्रिजमधलं पाणी दिलंत म्हणून झालं असं नाही, त्यामुळे आधी स्वतःला दोष देणं थांबवा.

आता ही अॅडिनॉइडची गाठ. साधारण तीन ते सात या वयात ती सगळ्यात मोठी असते आणि पुढे आपोआप आटत जाते. पण या मधल्या काळात ती इतकी वाढू शकते की नाकाची मागची वाट जवळजवळ बंद होते. मग मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं, रात्रभर कूस बदलतं, मान मागे टाकून झोपतं, घामाने उशी ओली करतं, कधी अंथरूण ओलं करणं सुटलेलं असलं तरी परत करायला लागतं. मोठ्यांची झोप नीट झाली नाही की ते दिवसा पेंगतात, मुलांचं बरेचदा उलटं होतं, ती चिडचिडी होतात, एका जागी बसत नाहीत, शाळेतून तक्रार येते की लक्ष नाही. मग घरात ओरडा बसतो, आणि त्या मुलाला बिचाऱ्याला कळतही नसतं की आपली झोपच होत नाहीये.

घोरण्यात सगळ्यात महत्त्वाचं काय बघायचं तर मधे श्वास थांबतो का. घोरणं चालू आहे, अचानक शांतता, छाती हलतेय पण आवाज नाही, मग दचकल्यासारखा एक मोठा श्वास. हे दिसलं तर कृपया मोबाइलवर व्हिडिओ घ्या, शर्ट वर करून, छाती आणि पोट दिसेल असा, आवाजासकट. ओपीडीत डॉक्टरांना मिळतात पाच-सात मिनिटं आणि त्यातही मूल रडत असतं, रात्री दोनला काय होतं ते त्यांना दिसणारच नाही, तुम्हीच दाखवू शकता. त्या व्हिडिओसोबत नाकातून छोटी दुर्बीण किंवा बाजूने काढलेला एक्स-रे, आणि गरज पडली तर स्लीप स्टडी (झोपेत श्वास कसा चालतो ते रात्रभर मोजणारी तपासणी), यावरून ठरतं. उपचारही पायरीपायरीने होतात. अॅलर्जी असेल तर नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे काही आठवडे नियमित (स्टेरॉइड शब्दाने घाबरू नका, हा डोस अगदी कमी आणि तिथल्या तिथे असतो, डॉक्टरांनी सांगितला असेल तर बिनधास्त द्या), नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि घरातली हवा. हा हवेचा मुद्दा मुंबईत फार मोठा आहे. एका खोलीचं घर, खिडकी रस्त्याकडे म्हणून बंद, शेजारी टॉवरचं काम चालू, आत डासांची कॉइल, उदबत्ती आणि कोणाची तरी सिगरेट. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा, आणि सिगरेट दारात उभं राहून ओढली तरी धूर आत येतोच, तेव्हा ती बंदच. एवढं करूनही श्वास अडकत असेल तर गाठ काढायचं ऑपरेशन, टॉन्सिल मोठे असतील तर तेही सोबत.

सिरपबद्दल इथेच सांगते. मेडिकलमधून गेल्या वेळचं सर्दीचं सिरप परत आणून देणं बंद करा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लेबलवर छापायला लावलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात दूषित कफ सिरपने मुलं दगावली त्यानंतर केंद्राने परत बजावलं की दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत. माँटेल्युकास्ट असलेलं सिरप तर घरोघरी असतं, त्याने काही मुलांमध्ये वाईट स्वप्नं, भीती, स्वभावात बदल होऊ शकतात आणि अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये त्यावर कडक इशारा छापायला सांगितलाय. दम्यासाठी चालू असेल तर मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा की हे अजून लागतंय का.

आता माझा विषय, कान. कानाच्या दोन वेगळ्या गोष्टी लोक एकच समजतात. एक म्हणजे पू होणं, सर्दीनंतर रात्री अचानक कान दुखतो, मूल किंचाळत उठतं, ताप येतो. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, सकाळी डॉक्टरांकडे न्या. दरवेळी अँटिबायोटिक लागतंच असं नाही, दोन वर्षांपुढच्या मुलाला एकाच कानात आणि सौम्य असेल तर डॉक्टर दुखणं कमी करून दोन-तीन दिवस बघूया म्हणतात, ते टाळाटाळ करत नसतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र लगेच दाखवायचं. कधी पडद्याला छोटं छिद्र पडून पू बाहेर येतो आणि गंमत म्हणजे दुखणं थांबतं, तो पडदा बहुतेक वेळा आपोआप भरतो. पण कान महिनोन्‌महिने वाहतोय आणि वास येतोय, किंवा कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसतोय, तर तिथे थांबायचं नाही, सूज असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

दुसरी गोष्ट दुखतच नाही, आणि म्हणून मला तिची जास्त काळजी वाटते. पडद्यामागे चिकट पाणी साचून राहतं, त्याला ग्लू इअर म्हणतात. ताप नाही, पू नाही, मूल खेळतंय. फक्त ऐकू कमी येतं, साधारण २५ ते ३० डेसिबलने. म्हणजे बहिरं नाही, हाक मारली तर ऐकतं, पण पाठमोरं असताना किंवा पंखा चालू असताना शब्दांचे कडेचे आवाज गळतात, स, फ, त असले हळू आवाज तर पोचतच नाहीत. "मॅडम, ह्याला सगळं ऐकू येतं, फक्त आपल्याला हवं तेव्हा दुर्लक्ष करतो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. टीव्हीचा आवाज वाढवतो, "काय?" म्हणतो, शाळेत डिक्टेशनमध्ये शब्द खातो, बोलणं अस्पष्ट. भरलेला वर्ग, बाहेर रिक्षा-बस, त्यात असं कमी ऐकू येत असेल तर ते मूल दिवसभर अंदाजाने जगत असतं. त्याला ढ म्हणण्याआधी कान तपासा.

ही तपासणी अजिबात दुखत नाही. कानात एक मऊ टोक ठेवून हवेचा दाब थोडा कमी-जास्त करतात, मशीन पडदा किती हलतो त्याचा आलेख काढतं, याला टिम्पॅनोमेट्री म्हणतात. डोंगर आला तर पडदा हलतोय, सपाट रेघ आली तर बहुतेक मागे पाणी आहे. मग ऐकण्याची टेस्ट. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला आम्ही खेळवतो, टूं वाजलं की ठोकळा डब्यात टाकायचा. त्याहून लहान असेल तर आवाजाकडे वळलं की दिवा लागणारं खेळणं दाखवतो. पाणी आहे असं कळलं तरी साधारणपणे तीन महिने वाट बघतात, कारण बऱ्याच मुलांचं ते आपोआप ओसरतं, आणि तेवढ्या काळात शिक्षिकेला सांगून पहिल्या बाकावर बसवा, समोर येऊन बोला. तीन महिन्यांनी परत टेस्ट, आणि तरीही दोन्ही कानांत पाणी आणि ऐकू कमी असेल तर भूल देऊन पडद्यात ग्रॉमेट नावाची इवलीशी नळी बसवतात. ती साधारण सहा महिने ते वर्षभरात, कधी थोडी उशिरा, आपली आपण बाहेर पडते. एक आई ऑपरेशननंतर सांगत होती, घरी गेल्यावर कुकरची शिट्टी झाली आणि पोराने दोन्ही कानांवर हात ठेवले, इतके दिवस तो तिथेच बसून खेळायचा.

जन्मापासूनच ऐकू येत नसेल तर प्रकरण वेगळं, आणि तिथे वाट बघायची नसते. जगभर १-३-६ हा हिशोब धरतात, पहिल्या महिन्यात स्क्रीनिंग, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. स्क्रीनिंगला ओएई म्हणतात, झोपलेल्या बाळाच्या कानात एक टोक ठेवून काही मिनिटांत होतं. त्यात "रेफर" आलं म्हणजे बाळ बहिरं असं नाही, जन्मानंतरचं पाणी कानात असलं तरी तसं येतं, पण परत करायलाच हवी, आणि इथेच लोक गळतात, गावी जातात, विसरतात. दुसऱ्यांदाही तसंच आलं तर बेरा. यात डोक्याला छोटे पॅच लावून आवाज मेंदूपर्यंत जातोय का ते बघतात. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) राहिलेलं, खूप कावीळ झालेलं बाळ असेल तर ओएई पास झालं तरी बेरा करून घ्या, कारण कानाची यंत्रणा ठीक आणि पुढची नस गडबडलेली असं होऊ शकतं आणि ओएईला ते कळत नाही. जवळच्या नात्यात लग्न असेल, घरात कोणी लहानपणापासून कमी ऐकणारं असेल तर तेही सांगा, लपवू नका.

बेराला बाळ गाढ झोपलेलं लागतं. बदलापूर-विरारहून येणाऱ्यांचं नेहमी होतं काय तर बाळ लोकलमध्ये मस्त झोपतं आणि आमच्याकडे पोचलं की टक्क जागं. म्हणून प्रवासात खेळवत, जागं ठेवत आणा, दूध टेस्टच्या आधी इथे येऊन पाजा. अगदीच झोपत नसेल तर झोपेचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीतच, घरून देऊन आणायचं नाही.

मुंबईत या सगळ्याची सोय आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, ऐकण्या-बोलण्याच्या तपासण्या, कानाचं मशीन, थेरपी सगळं तिथे होतं. केंद्राच्या एडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं मिळवून देणारी योजना) लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राला, मदत मिळते, पण जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलासाठी ती पाच वर्षांच्या आतच, त्यामुळे "बोलेल हळूहळू, त्याचे बाबापण उशिराच बोलले" असं म्हणत चौथं वर्ष ओलांडू नका. केईएम, सायन, नायर या हॉस्पिटलांच्या ईएनटी (कान-नाक-घसा) ओपीडीत केस पेपर काढून सुरुवात करता येते, आणि अगदी लहान मुलांसाठी परळचं वाडिया हॉस्पिटल आहे.

तेल. मालिशवाली बाई बाळाच्या कानात, नाकात तेल सोडते, फुंकर मारते, आजी म्हणते आम्ही सगळे असेच वाढलो. आजींना मी प्रेमानेच सांगते, अंगाला हवं तेवढं तेल लावा, कानात आणि नाकात नको. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ शकतं, आणि कानात, विशेषतः आपल्या पावसाळ्यात, बुरशी धरते. पडद्याला छिद्र असेल तर अजूनच वाईट. इअरबड्सही नकोत, मळ बाहेर यायच्या ऐवजी आत ठासला जातो, कान स्वतःचा मळ स्वतः बाहेर टाकतो. आणि बाटली चालू असेल तर आडवं झोपवून तोंडात देऊन ठेवू नका, दूध त्या आडव्या नळीतून कानाकडे जातं.

टॉन्सिलचं थोडक्यात. मोठे दिसले म्हणून काढत नाहीत. घसा खरोखर जोरात दुखतो, तापासकट, वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन, असा हिशोब लावतात, म्हणून तारखा वहीत लिहा. दुसरं कारण म्हणजे वर सांगितलेलं, झोपेत श्वास अडकणं. घशाच्या जिवाणूंसाठी अँटिबायोटिक दिलं असेल तर जेवढे दिवस सांगितलेत, बरेचदा दहा, तेवढे पूर्ण करा, बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी थांबवलं तर पुढे सांधे आणि हृदयाच्या झडपांना त्रास होऊ शकतो. ऑपरेशननंतर घशात पांढरा थर दिसतो तो पू नसतो, पण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास तो सुटताना ताजं रक्त आलं तर सरळ हॉस्पिटल.

घोळणा फुटला की कांदा हुंगवतात, डोकं मागे करून पाणी मारतात. मागे केलं की रक्त घशात जातं आणि मूल ओकतं. पुढे वाकवून बसवा, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांनी दाबा, दहा मिनिटं घड्याळ लावून, मधे सोडून बघायचं नाही. बहुतेक वेळा थांबतं.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतोय, दुसरी कोरडी, तर आत काहीतरी घातलेलं आहे असंच धरा, मणी, चिंचोका, खोडरबर. चिमट्याने काढायला जाऊ नका, अजून आत जातं. आणि ते बटण सेल असेल तर हे आजचं काम आहे, उद्याचं नाही. रिमोट, खेळण्यातले दिवे, गाणारं ग्रीटिंग कार्ड यांतला तो चपटा चकचकीत सेल नाकात किंवा अन्ननलिकेत अडकला की दोन तासांत आतलं कातडं जाळायला लागतो. नाकात-कानात असेल तर कुठलेही थेंब घालू नका. गिळला असेल आणि मूल एक वर्षाच्या पुढचं असेल तर हॉस्पिटलला जाताना वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो, उलटी करवू नका, मधासाठी थांबून वेळही घालवू नका. एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो, म्हणून "सेल असू शकतो" हे शब्द तोंडाने सांगा.

आता श्वासनलिका. तान्ह्या बाळात स्वरयंत्राखालची सगळ्यात अरुंद जागा जेमतेम ४-५ मिलिमीटर. ४ मिलिमीटरच्या वाटेला चारी बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली की वाट पाऊण बंद होते, म्हणून ज्या सुजेने आपला फक्त आवाज बसतो त्याच सुजेने बाळाचं पोट उडायला लागतं. आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, एवढं नीट बघून सांगितलंत तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं. घेताना असेल तर अडचण बहुधा वर, स्वरयंत्राच्या आसपास, सोडताना शिट्टीसारखा असेल तर खाली छातीत.

जन्मल्यावर काही दिवसांतच श्वास घेताना आवाज, उताणं झोपवलं की वाढतो, दूध पिताना, रडताना वाढतो, पालथं धरलं की कमी, तर बहुतेक स्वरयंत्रावरचा मऊ भाग श्वासाबरोबर आत ओढला जातोय. लॅरिंगोमलेशिया. नाकातून बारीक दुर्बीण घालून जागेपणीच दिसतं. बहुतेकांचं दीड-दोन वर्षांत आपोआप जातं. बघायचं ते वजन वाढतंय का, पिताना निळं पडत नाही ना, हे बिघडलं तरच ऑपरेशनचा विषय.

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला सर्दीनंतर मध्यरात्री भुंकल्यासारखा खोकला आणि आवाज घोगरा, तर क्रूप. व्हायरसचा आजार आहे, स्टेरॉइडच्या एका डोसने बरेचदा उतरतो. वाफ देऊ नका, फायदा दिसत नाही आणि आपल्या एवढ्याशा स्वयंपाकघरात उकळत्या पाण्याच्या भांड्याने मुलं भाजतात. कडेवर उभं धरा, रडू देऊ नका. शांत बसलेलं असतानाही श्वासाला आवाज येतोय, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जातेय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, ओठ निळे, यातलं काहीही असेल तर १०८ लावा किंवा मिळेल ती टॅक्सी.

आणि ठसका. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, चणे, मक्याचे दाणे देऊ नका, सीताफळाच्या बिया काढून द्या, खाताना पळू देऊ नका. घास अडकला आणि मूल जोरात खोकतंय तर खोकू द्या. आवाजच फुटत नाही, खोकता येत नाही, तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच वेळा दाब, पुन्हा थापा. त्यापुढच्या मुलाला पाच थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच झटके. दिसत नसताना घशात बोट घालू नका. बेशुद्ध पडलं तर १०८ आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात.

सगळ्यात फसवं असतं ते ठसका लागून गेल्यानंतरचं. मूल जोरात खोकतं, लाल होतं, मग शांत, खेळायलाही लागतं, घरच्यांना वाटतं गेला दाणा पोटात. तो कधी कधी श्वासनलिकेच्या एका फांदीत जाऊन बसलेला असतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी मूल न थांबणारा खोकला, एकाच बाजूची घरघर, परत परत न्यूमोनिया घेऊन येतं. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, एक्स-रे अगदी नॉर्मलही येऊ शकतो. तेव्हा खोकल्यासाठी कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर ते विचारोत न विचारोत, "त्या दिवशी दाणे खाताना ठसका लागला होता" हे सांगा, मुलाला सांभाळणाऱ्या आजीला, ताईला, पाळणाघरातल्या काकूंनाही विचारून घ्या, कारण नुसत्या त्या एका वाक्यावरूनही डॉक्टर भूल देऊन दुर्बिणीने आत बघायचं ठरवतात.